मेल्यावर हसायचं असतं

३ फेब्रुवारी
मी सिनेमात गेले. म्हणजे अजून कुणाला माहीत नाही, पण गेलेच.
सडैयांडी मद्रासहून कायमचा परत आला. माझा नातू, थोरल्याचा. इतकी वर्षं तिथे मोठमोठ्या डायरेक्टरांच्या डोक्यावर छत्री धरली, आता म्हणतो स्वतःचाच सिनेमा काढणार, आपल्या गावात, आपलीच माणसं घेऊन. मी कुळीथ निवडत होते. समोर उकिडवा बसला आणि म्हणाला, अप्पत्ता, सिनेमातली आई तू. मी म्हटलं, ते मला माहीतच होतं. माहीत नव्हतं खरं तर. पण मोठ्या नटीने एकदम हो म्हणू नये.
गोष्ट अशी. भर बाजारात एका आईच्या एकुलत्या एक पोराला कोयत्याने तोडतात. मग ती आई कोयता उचलते आणि एकेकाला तोडत जाते, शेवटी मुख्य गुंडाला करुप्पसामीच्या देवळापुढे. मी विचारलं, सगळे मिळून किती? म्हणाला, बघू. मी मनात नऊ धरलेत. त्याहून कमी चालणार नाही.
खतवाल्याने दिलेली ही डायरी रिकामीच पडली होती. तिसरीपर्यंत शिकलेलं आज कामी आलं. मोठी माणसं रोज लिहितात म्हणे.

५ फेब्रुवारी
सराव सुरू. परसातल्या केळी तोडल्या. पहिला घाव मानेवर, दुसरा कमरेवर. चिकाने पातळ खराब झालं. सून बाहेर येऊन किंचाळली, अत्ते, ते घड अजून धरायचे होते! मी म्हटलं, पंजवर्णम, युद्धात असं होतं. ती म्हणाली, मग रात्री युद्धच वाढते ताटात.
दंड दुखतोय. त्याला तेल लावायला सांगितलं तर सुनेला ऐकू आलं नाही. तिला कान तपासायला सांगितलं पाहिजे.

९ फेब्रुवारी
पूजा झाली. कॅमेऱ्याला हार, कोहळा फोडला, गाडीच्या चाकाखाली लिंबू. कॅमेरावाला जेगन आहे, लग्नात व्हिडिओ काढतो तोच. त्यामुळे अधूनमधून सवयीने जेवणाऱ्यांचे फोटो घेतो.
गुंड कोण? माझा दीर ओच्चप्पन! त्याचं मटणाचं दुकान. दर रविवारी बकरी कापतो आणि कापता कापता गाणं म्हणतो. आज साबुदाण्याच्या खळीत बीट घालून केलेलं रक्त बघितलं आणि मटकन खाली बसला. म्हणाला, वहिनी, बकऱ्याचं रक्त ओळखीचं असतं. हे कुणाचं काय कळत नाही.
असल्या माणसाला मारण्यात काही मजा नाही. पण मारीन.

११ फेब्रुवारी
माझा पहिला खून. कोयता लाकडाचा, वर चांदीचा रंग. पण हात माझा ना! चहावाल्याचा पोरगा गुंडाचा माणूस झाला होता. दोन दात हलले, ओठ फाटला, टाके पडले. पडताना तो इतका छान ओरडला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कळलं खरंच ओरडत होता.
सडैयांडी म्हणाला, अप्पत्ता, मारल्यासारखं करायचं, मारायचं नाही. मी म्हटलं, मग लोक म्हणतील बघितल्यासारखं केलं, बघितलं नाही. यावर तो डोक्याला हात लावून बसला होता, विचार करत असेल.
संध्याकाळी चहावाल्याकडे गेले, सुकटीचं कालवण घेऊन. त्याच्या बायकोने भांडं आत घेतलं आणि दार लावलं. म्हणजे कालवण आवडलं.

१४ फेब्रुवारी
आज एक मोठी गोष्ट कळली. या धंद्यात जो कुणी कॅमेऱ्यासमोर मरतो, त्याने सीन झाला की कॅमेऱ्याकडे बघून हसायचं असतं. नाहीतर यमाला वाटतं, हा गेलाच, मग तो हिशेब पुरा करायला येतो. जेगनने सांगितलं. सगळे करतात, लहान-मोठे. आज मेलेला माणूस उठला आणि रक्ताच्या तोंडाने हसला. मला फार बरं वाटलं.
पण एक चूक माझ्याच ध्यानात आली, बाकी कुणाच्याच नाही. सडैयांडी आधी कट म्हणतो आणि मग तो माणूस हसतो. तोवर जेगनने झाकण लावलेलं! कॅमेऱ्याने मरण बघितलं, हसणं बघितलंच नाही. देऊळ बंद झाल्यावर दाराला नारळ दाखवून काय उपयोग?
म्हणून पुढच्याला मी कटच्या आधीच मांडीला चिमटा काढला. मेला होता तरी खिदळला. सडैयांडीने टोपी जमिनीवर आपटली. त्या माणसाला पुन्हा मारावं लागलं, मी पुन्हा चिमटा काढला. मग तिसऱ्यांदा. आता त्याला यमाची काही भीती नाही. आभार मानेल असं वाटलं, पण लंगडत गेला.

१८ फेब्रुवारी
मदुरेहून एक बाई आली. राजमणी. तीस वर्षं नाटकात रडते. स्वतःची पावडरची पेटी घेऊन हिंडते. सडैयांडी म्हणतो, जमीनदारीणबाईचं काम आहे तिला. बरं. पण माझा कोयता उचलून बघितलाच कशाला तिने?
म्हणाली, विरुमायीअक्का, हात मनगटातून नको, खांद्यातून फिरवा, नाहीतर दुखेल. मी म्हटलं, आमच्याकडे हात दुखत नाही, समोरच्याचं दुखतं. ती म्हणाली, हो, ऐकलं, चहा प्यायला गेले होते. बाईच्या जिभेला धार आहे. मी नारळाची झावळी फेकली, तिने चुकवली, जेगनला लागली. तिने पावडरचा डबा फेकला, मी चुकवला, जेगनलाच लागला. पांढराफटक होऊन उभा होता बिचारा.
उद्यापासून शांत राहायचं. मोठ्या नटीला हे शोभत नाही.

१९ फेब्रुवारी
शांत राहिले. दुपारपर्यंत.

२२ फेब्रुवारी
आजचं काय लिहू! बाजारातली मारामारी होती. ओच्चप्पनची माणसं आणि आमची माणसं. मिरच्यांच्या पाट्या उलथल्या, मडकी फुटली, एकाला उचलून चिंचेच्या पोत्यांवर टाकला. तेवढ्यात शेजारच्या गावचे लोक बैल विकून परत चालले होते. त्यांना वाटलं खरंच. आपल्या सोयऱ्यांना मारतायत म्हणून काठ्या घेऊन आत घुसले. त्यांच्या काठ्या लाकडाच्या होत्या आणि रंगवलेल्या नव्हत्या.
मग आमच्या लोकांनीही लाकडी कोयते टाकले आणि हाताला येईल ते घेतलं. मी वरवंटा घेतला. कुणाला लागला माहीत नाही, पण एकजण वरवंट्याकडे बघून पळाला. सडैयांडी कट कट ओरडत होता, त्यांना वाटलं कापा कापा म्हणून हुकूम सोडतोय, त्यालाच दोन बसल्या. जेगन मात्र घेत राहिला. लग्नात बघतोच हे, म्हणाला.
ओच्चप्पनचं डोकं फुटलं. खरं रक्त. मला वाटलं आता हा पडतो. बोट लावून बघितलं आणि म्हणाला, हे ठीक आहे वहिनी, हे ओळखीचं आहे.
रात्री सगळ्यांनी एका पंगतीत मटण खाल्लं, शेजारच्या गावचेही. ते विचारत होते, आम्ही कधी दिसणार?

२६ फेब्रुवारी
उद्या माझा मोठा सीन. पोराचं मरण.
पोर म्हणजे सडैयांडीच. स्वतःच झालाय. बाजारात त्याला तोडणार, मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडायचं. सगळं एका दमात, मध्ये थांबणं नाही. बाजाराचा दिवस, संध्याकाळचं ऊन, इतकी गर्दी पुन्हा मिळणार नाही.
आज मला बाजूला घेऊन म्हणाला, अप्पत्ता, नीट ऐक. हा सीन जमला तर हा सिनेमा आहे. नाही जमला तर मी तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात. उद्या मला हसवलंस तर आई राजमणीअक्का. तिला तुझ्यासारखंच पातळ नेसवून उभी करतोय.
बघितलं तर खरंच, तसंच पातळ! तोच जांभळा काठ!
मी म्हटलं, मी काय लहान आहे? ठरवलं: चिमटा नाही. गुदगुल्या नाहीत. उजवा हात मांडीखाली दाबून ठेवायचा. आई मीच. शेवटी ओच्चप्पनला तोडणार मीच. लिहून ठेवलं म्हणजे झालं.

२७ फेब्रुवारी
सकाळी इडली गेली नाही. पान खाल्लं.
तोडला त्याला. ओच्चप्पनने डोळे मिटून तोडला, तरी बरोबर बसला. सडैयांडी गुडघ्यावर आला, मग आडवा. रक्त गळ्यापासून पोटापर्यंत. मी धावले. डोकं मांडीवर घेतलं. डोळे उघडे, पापणी हलत नाही. हे कुठे शिकला कार्टा?
मग मी सूर लावला. या पंचक्रोशीत कुणी गेलं की मला बोलावतात, गेलेल्याचे गुण गाऊन रडायला. पण असा आवाज मला कधीच लागला नव्हता. माझ्या सोन्या, तुझ्या पाळण्याची दोरी अजून आढ्याला आहे रे, असं धरलं. भाजीवाल्या रडायला लागल्या. बैल विकणारे रडले. ओच्चप्पन रक्ताचा कोयता हातात धरून हुंदके देत होता. राजमणीची पावडर ओघळली, मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. आणि मला कळलं, झालं, मी झाले नटी.
जेगन जवळ आला. कॅमेऱ्याची काच सडैयांडीच्या तोंडाशी. बघतेय, बघतेय. मी रडणं संपवलं. कट नाही. पुन्हा पहिल्यापासून धरलं, पाळणा, दोरी, आढं. कट नाही.
कट कोण म्हणणार? म्हणणारा तर मेलेला! त्याने कुणाला सांगूनच ठेवलं नव्हतं. जेगन त्याच्या हुकमाची वाट बघतोय, तो मेल्याचं काम चोख करतोय. ओठावर माशी बसली, तरी हलला नाही. एवढा वेळ कुणी मेलेलं असतं का? आणि ती काच नुसती बघतेय त्याच्याकडे. ऊन उतरत चाललं. त्याचे हात मला गार लागायला लागले.
हात मांडीखालून निघाला. मी काढला नाही, निघाला. काखेत गेला. लहानपणापासून त्याला तिथेच जास्त गुदगुल्या.
हसला. खदाखदा हसला, काचेत बघून. सगळा बाजार हसला. मीही.
तो ओरडला नाही. नळावर जाऊन रक्त धुतलं. मग इतकंच म्हणाला, अप्पत्ता, घरी जा.

२८ फेब्रुवारी
राजमणीला काम दिलं. मीच दिलं असं समजायला हरकत नाही. नव्या लोकांना संधी मिळाली पाहिजे.
आता स्वतःच सिनेमा काढायचा. निर्माती मी, आई मी. ओच्चप्पनला विचारलं. म्हणाला, रक्त नसेल तर येतो. बिनरक्ताचा कसा काढायचा ते बघते.

६ मार्च
पुढच्या बाजाराला पुन्हा मारला त्याला. मी गेले नव्हते. म्हणजे गेले होते, पण मिरचीवाल्याच्या मागे होते, त्याला जाणं म्हणत नाहीत. राजमणी रडली. बरी रडली. पाळणा नव्हता तिच्यात.
या वेळी कट म्हणायला माणूस ठेवलेला. तो कट म्हणाला, झाकण लागलं, सडैयांडी उठला आणि हसायच्या आधी इकडेतिकडे बघायला लागला. मला मिरच्यांनी शिंक आली. मग जेगनला म्हणाला, काढ रे झाकण, अप्पत्ता बघतेय. जेगनने काढलं. चांगला दात दाखवून हसला, काचेत.
घरी येऊन दोन वेळचं जेवले.

१३ मार्च
बोलावणं आलं!!
देवळापुढचा शेवटचा खून. राजमणीचा खांदा धरला. खांद्यातून फिरवत होती ना! ओच्चप्पन मान पुढे करून केव्हाचा उभा, तिचा हात वरच जाईना. सडैयांडी स्वतः घरी आला. म्हणाला, अप्पत्ता, फक्त हात हवाय. जवळून घ्यायचाय, तोंड दिसणार नाही. सून आतून म्हणाली, नशीब ओच्चप्पनमामांचं.
राजमणीने स्वतःच्या बांगड्या काढून माझ्या हातात चढवल्या. म्हणाली, अक्का, जोरात हं. वाईट नाही बाई.
मारला. पूर्ण मनगटातून. ओच्चप्पन असा कोसळला की देवळातला पुजारी बाहेर आला. मग मी त्याला हसवलं, झाकण लागायच्या आत. माझा हात तोवर चित्रातून बाहेर निघालेला होता, काही बिघडलं नाही.
नऊ नाही, पण शेवटचा मीच. हात म्हणजेच नटी. तोंड काय, सगळ्यांनाच असतं.

१९ जुलै
उसिलंपट्टीच्या थिएटरात लागला. सकाळचा खेळ. अख्खी गल्ली घेऊन गेले, आप्पे बांधून. दोन तास राजमणीच राजमणी. मी धीर धरला.
आणि आला! पडदाभर माझा हात! शिरा, नख, कोयता, सगळं. मी उभी राहिले आणि ओरडून सांगितलं, हा हात माझा आहे!
मागची बाई म्हणाली, असेल आजी तुमचा. पण डोकं आमच्या मध्ये येतंय. बसा खाली.
बसले.