खुंटीवरची साडी

कर्दे, ता. दापोली
दि. २७ डिसेंबर २०२४

ती. सौ. जनकाबाई यांस पुष्पाचा शि. सा. नमस्कार.

आम्ही सगळे इथे मजेत आहोत. तुम्ही, दादा आणि काजलही बरे असाल. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या जावेला मी पत्र लिहितेय म्हणून निशिगंधाला हसू येतंय. सुनेला काय सांगू? मी फोन लावला की तुम्ही तो काजलच्या हाती देता. तुमचा आला असता तर मीही तेच केलं असतं.

समुद्र पाहिला. पन्नाशी उलटल्यावर पाहिला, पण पोटभर पाहिला. शिवमच्या बाबांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि म्हणाले, "हे तं आपल्या वरवटच्या खाऱ्या बोअरचंच पाणी हाय." शिवम हसून हसून वाळूत बसला. मी तर साडी भिजेल याचीही पर्वा केली नाही. एक मोठी लाट आली तशी सुनेला मिठी मारून ओरडले. तुम्ही असता तर मला चांगलं झापलं असतं.

भात मात्र दोन्ही वेळा. भाकरीची फार आठवण येते. आणि पहाटे पाचला डोळे उघडतात, हात धार काढायला शिवशिवतात आणि समोर म्हैस नाही. मग मी उठून किनाऱ्यावर जाते.

निघायच्या आधी शिवम तुमच्याकडे आला, तो मी पाठवलेला नव्हता. म्हशीपायी मी कधीच गाव सोडलं नाही, म्हणून तो आपल्या मनानंच आला होता. तुमचं बोलणं मी भिंतीच्या अलीकडून ऐकलं. "तुया मायले म्हण, जाय बिनधास्त. म्हशीचं मी पाहीन." माझी पिवळ्या ठिपक्यांची जुनी साडी तेवढी गोठ्यातल्या खुंटीवर अडकवून आले. परक्या बाईला भुरी पान्हा सोडत नाही, माझ्या साडीचा वास आला की सोडेल, असं काजलजवळ सांगून ठेवलं.

काल काजलला विचारलं, साडी नेसून धार निघते ना? ती म्हणाली, "साडी कायले लागते काकू? आईनं हाक मारली अन् भुरी उभी राह्यली. साडी तं खुंटीवरच हाय." मग म्हणाली की तुम्ही हे मला सांगू नको म्हणून बजावलं होतं.

खरं सांगते, आधी राग आला. तीन वर्षं चारा मी घालते आणि ही म्हैस अशी! मग एकटीच वाळूत बसून हसले, आणि हसता हसता रडले.

भुरी वगार होती तेव्हा तिची आई मेली. बोटानं दूध चाटवून तुम्हीच तिला जगवलं. वाटणीत ती आमच्याकडे आली, आणि दुसऱ्याच सकाळी तुम्ही सवयीनं धार काढायला चरवी घेऊन आलात. आता म्हैस आमची आहे, हात लावू नका, असं मी चारचौघांत बोलले. तुम्ही रिकामी चरवी घेऊन परत गेलात. त्या दिवसापासून तुम्ही मला "धाकटे" अशी हाक मारली नाही.

चूक माझी होती, बाई. ती मला त्याच संध्याकाळी कळली होती, फक्त तुमच्या दारापर्यंत यायला तीन वर्षं लागली. हा समुद्र मला तुम्ही दाखवला. आमच्या घरचं कुणी काहीही म्हणो, मी तरी असंच म्हणणार.

टपालात टाकलं तर हे पत्र माझ्या मागून येईल, म्हणून मीच आणून देईन आणि तुमचं वाचून होईपर्यंत ओट्यावर बसून राहीन.

पुढच्या डिसेंबरात तुम्ही आणि दादांनी इथे यायचं. शिवम हो म्हणालाय. तुमच्या गाईची धार मी काढीन. पण ती मला कुठे ओळखते? तेव्हा तुमची एक जुनी साडी माझ्यासाठी काढून ठेवा. धुऊ नका.

तुमची,
धाकटी