लग्नातली लाल पिशवी

पाडव्यानंतरचा रविवार, संध्याकाळ

आज पाणथळीवर साफसफाईला गेलो होतो, दर रविवारचे आम्ही सगळे. पाणकोंबड्यांच्या घरट्यापाशी गाळात एक लाल कापडी पिशवी रुतली होती. मंदाताईंनी ती ओढून काढली. आत गुढीचा कुजलेला हार, कडुनिंब, विरघळलेल्या गाठीचा नुसता दोरा.

"देवाच्या नावानं घाण करतात मेले!" त्या म्हणाल्या.

आणि मी? त्यांच्याहून मोठ्यानं म्हणाले, "लोकांना अक्कलच नाही."

पोत्यात टाकायला पिशवी हातात घेतली, चिखल निघाला, तर खाली छापलेलं: ऋतुजा–निखिल, शुभविवाह. माझ्याच लेकीच्या लग्नात वाटलेली. गुपचूप घडी करून ओढणीखाली धरली.

कुणा पाहुण्यांनी टाकली असेल, असं घरी येईपर्यंत मनाला समजावत होते. यांना विचारलं, तर टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "मीच टाकली, निफाडला जाताना. घंटागाडीत देऊ नका, पाण्यात सोडा, असं तूच सांगितलंस ना?"

सांगितलं होतं.

मंदाताईंना कळवावं का? फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

पिशवी धुऊन गॅलरीत वाळत घातली आहे. उलटी करून, नाव आत जाईल अशी.