बरणीतली बकाणाची पूड

अहो,

सकाळी सव्वासात. आईंनी रोजची कडुनिंबाची समजून बकाणनिंबाची पूड चमचाभर घेतली. ज्वारीला कीड लागू नये म्हणून तुम्ही आणलेली तीच. दोन्ही कडूच, पण ही विषारी; त्यांना कसं कळणार? पुडीवर तुम्ही नाव लिहिलं होतं. काल मीच ती बरणीत ओतली आणि वर कागद चिकटवायचा राहिला.

दोन उलट्या झाल्या. सक्करदऱ्याच्या दवाखान्यात नेते आहे, बरणीही सोबत घेतली आहे. पूड पानांची की फळांची, हे डॉक्टर विचारतील. उमरेडहून आलात की ते लिहून ठेवलेली कपाटातली तुमची वही घेऊन थेट तिकडेच या.

"मुकुंदाले नको सांगू वं, तो सोताले दोष देईन," असं त्या म्हणताहेत.

आत्ता बोलताहेत, पण हात थरथरताहेत.

प्रेमलता