सोनसाल चहाच्या चवीबाबत आणि इतर मालमत्तेबाबत

मी, भिवा दगडू घाडी, वय सत्तर, धंदा वजनकाटे दुरुस्ती, राहणार लालबाग, माझे शेवटचे म्हणणे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. मन ठिकाणावर आहे. जबरदस्ती कोणाची नाही, उलट बायको म्हणते, "असलं अभद्र आत्ताच कशाला लिहिताय?" मंगळवारी परळच्या इस्पितळात माझ्या जिभेचे ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जीव वाचेल, पण चव राहीलच असे नाही. तंबाखू आठ महिन्यांपूर्वी सोडली, म्हणजे उशिराच. तेव्हा मला घाई जिवाची कमी आणि जिभेची जास्त आहे. वकील अनुजाताईंनी बजावले आहे की, "काका, फक्त मालमत्तेचं लिहा, गोष्टी सांगू नका." बघू.

१. घर. नवव्या मजल्यावरची माझ्या मालकीची सदनिका पत्नी रखमा हिला मिळावी. तिच्यामागे मुलगी पूर्वी हिला. रखमाने ती विकावी, भाड्याने द्यावी किंवा भिंतींना तिचा तो गुलाबी रंग लावावा. जावयाने सल्ला देऊ नये.

२. पोस्टातल्या ठेवी आणि बँकेत असेल ते सगळे रखमाला.

(इथे उठलो होतो. गॅसवर आधण ठेवले आहे. रखमा ओरडते आहे की सकाळपासून हे पाचवे. असू दे.)

३. हत्यारे. मोठे तराजू, कानशी, ठोकळे आणि दुकानाची पाटी एडवर्ड डिमेलो याला. अठ्ठावीस वर्षे आम्ही एका बाकावर बसून मसालेवाल्यांचे काटे नीट केले. एडवर्डने माझा मोठा चिमटा नेऊन परत दिलेला नाही, तोही त्यालाच दिला असे समजावे. छोटा तराजू आणि पाच ग्रॅमच्या आतली वजने त्याला नाहीत, त्यांचे पुढे आहे.

४. सोनसाल चहा. ही मालमत्ता आहे की नाही यावर अनुजाताईंचे आणि माझे पटलेले नाही. नारिंगी पुडक्यात यायचा, संत्र्याच्या सालीच्या वासाचा. कंपनी नव्व्याण्णव साली बंद पडली, पुडके कुठे म्हणजे कुठे मिळेना. बाबा गिरणीतून पहिली पाळी करून आले की आई तो करायची, आणि मला नि धाकट्या लवूला बशीत अर्धा अर्धा द्यायची. तो चहा घरी जमवायचा असे मी अकरा वर्षांपूर्वी मनावर घेतले. साल सावलीत वाळवली, गवती चहा, लिंबाचे पान, एक लवंग, सगळे गुंजभर इकडचे तिकडे करून तोलले. वहीत त्रेसष्ट प्रयोग आहेत. रखमा म्हणायची, "अहो, संत्रं सोलून खायचं असतं, सालीला कसले पूजता?" वास जुळला. पण घोट गेल्यावर जिभेच्या शेंड्याला बारीक मुंग्या यायच्या, त्या काही येईनात. छोटा तराजू, वजने आणि वही पूर्वीला द्यावी. तिने टाकून दिली तरी मी बघायला नसेन.

५. भाऊ लवू. इथे आधी लिहिले होते की "त्याला काहीही देऊ नये, माझ्या तेराव्याचे जेवणसुद्धा." ते खोडले आहे. खालचे वाचता येते, येऊ दे.

कारण असे. नऊ वर्षांमागे मुलगी पूर्वी हिच्या लग्नात मी हौसेने माझा चहा पाहुण्यांना दिला. लवूने घोट घेतला आणि व्याह्यांच्या देखत म्हणाला, "ह्येका काय चव नाय! आयच्या चायक बांगड्याच्या तिखल्याचो वास येयचो!" सगळे हसले. आईच्या चहाला मासळीचा वास? माझे डोकेच फिरले. मी त्याला मांडवातून जा म्हणालो आणि तो गेला. लवू भायखळ्याला राहतो, बसने वीस मिनिटे. नऊ वर्षांत मी त्या बसमध्ये चढलो नाही.

परवा शुक्रवारी रखमा बांगड्याचे तिखले करत होती. मासळीत घालतात ती झणझणीत तिरफळे ठेचली, हात नुसता पुसला आणि माझा चहा ओतून दिला. मी घोट घेतला आणि मला मुंग्या आल्या! मी कप धरून उभाच राहिलो. रखमा घाबरली, तिला वाटले दुखतेय. मी रडत होतो, ते दुखण्याने नव्हे.

लगेच लवूला फोन लावला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "लवू, आयचो चायचो डबो आधी कसलो होतो रे?"

 तो म्हणाला, "नऊ वर्सां लागली तुका? तिरफळांचो! आणि कसलो?"

गावाहून तिरफळे आलेला डबा रिकामा झाला की आई त्यातच चहाचे पुडके ओतायची. दुसरा डबा होता कुठे? तिखल्याचा तो वास तिरफळांचा, लवू बिचारा खरे तेच सांगत होता. मी मूर्ख. हे कायदेशीर कागदावर मुद्दाम लिहीत आहे.

६. ~~गावच्या घरातला माझा अर्धा हिस्सा भाऊ लवू याला द्यावा.~~ हे कलम आज रविवारी त्याच्याच सांगण्यावरून खोडले. झाले असे की लवू सकाळी आला. मी रिकामा डबा तिरफळे घालून दोन दिवस बंद ठेवला होता, मग ती काढून त्यात चहा भरला. तो उकळला. आईचा तो चहा चाखलेले आता आम्ही दोघेच उरलो आहोत, आणि माझ्या जिभेला दोन दिवस. लवूने बशीत ओतून घेतला, प्याला, आणि बशी पुन्हा पुढे केली. "हो," म्हणाला, "होच तो."

साक्षीला शेजारचे गौतम जाधव आलेच होते. दुसरा साक्षीदार एडवर्ड ठरवला होता, तर अनुजाताई फोनवर म्हणाल्या, "ज्याला काही मिळतंय त्याने सही न केलेली बरी." लवूने कागद ओढला. "खोड ता सहावा. माका नको हिस्सो. सही मी करतंय."

मी म्हणालो, "अरे, घर आहे ते!"

"आसांदे. तुझा डोक्या ठिकाणार आसा, ह्या माझ्याशिवाय कोण सांगतलो?"

७. तो हिस्साही रखमालाच. मंगळवारनंतर मला चव कळेनाशी झाली, तर चहा बरोबर झाला की नाही हे लवूने दर रविवारी येऊन सांगावे. त्याचा निकाल माझ्यावर बंधनकारक राहील आणि त्यावर मला अपील नाही.

वरील मजकूर मी वाचून, खाडाखोडीसह मान्य करून, साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: लालबाग, मुंबई
तारीख: १७ नोव्हेंबर २०२४

(सही) भिवा दगडू घाडी

आमच्यासमोर सही झाली:

साक्षीदार १: (सही) गौतम जाधव, शेजारी

साक्षीदार २: (सही) लवू दगडू घाडी, सख्खा भाऊ. यांस या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.