टँकर कोणी वळवला

२ मे
आमच्या नेकनूरच्या महिला दूध संस्थेचा गेल्या वर्षीचा अहवाल वाचला. चारा आणला गेला. सभा घेण्यात आली. दूध नासले. जणू गावात माणसे राहतच नाहीत, सगळे आपोआप होते. बीएला इंग्रजीच्या तासाला याला पॅसिव्ह व्हॉइस म्हणत. सचिव या नात्याने निश्चय केला: यंदाच्या दुष्काळी अहवालात प्रत्येक कामापुढे करणाऱ्याचे नाव. महिनाअखेरच्या सभेत सचिव निवडायचा आहे. अहवाल चोख असला की मलाच नेमतील. रविवारपर्यंत संपवते.

९ मे
रविवार होऊन गेला. उन्हात डोके चालत नाही. शिवाय आमच्या बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत. दगडाबाईच्या घरच्या दुधात पाणी सापडले होते. कोणी घातले विचारले तर म्हणाली, पडलं असंल. मी म्हटले, नाव सांग. म्हणाली, घरात हायेत, ते. मी म्हटले, घरात म्हैसही आहे. बायका पदराआड हसल्या. शेवटी भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, शहादेव. लगेच लिहिले: शहादेवने दुधात पाणी घातले. सुरेख वाक्य. नाव न घेणे हा मागासपणा आहे, हेही सर्वांना समजावून सांगितले. ऐकून घेतले.

१४ मे, दुपार
विमलबाई सांगत आली, जनावरांचा टँकर काल आलाच न्हाई, म्हशी कोरडा हौद चाटायल्यात. ज्याने पळवला त्याला शोधून नावानिशी अहवालात घालणार. गय नाही.

संध्याकाळ
सापडला. टँकर आमच्या मोसंबीत रिकामा झाला. ह्यांनी वळवला. हे म्हणाले, झाडं जळायला लागली, म्हशी काय, एक दिवस कळ काढतील. मी फार कडक बोलले. हे जेवत होते. जेवत राहिले.

१७ मे
टँकरचे वाक्य तेवढे राहिले. संकोच मुळीच नाही. पेन अडखळते.

२० मे
बीडहून नवे पेन मागवले. तेही तसेच. हल्ली मालच चांगला येत नाही.

२४ मे
पॅसिव्ह व्हॉइसवर शांतपणे विचार केला. तो अगदीच टाकाऊ नाही. गायींना लस टोचण्यात आली, यात कोणी टोचली याच्याशी गायीला काय करायचे? करणारा महत्त्वाचा नसेल तिथे तोच शोभतो. लिहिले: टँकर अन्यत्र वळवण्यात आला. भारदस्त वाटते. यात ह्यांचा संबंध नाही, हा निव्वळ शैलीचा प्रश्न.

३१ मे
सभा झाली. खड्या आवाजात वाचले. टँकरपाशी दगडाबाई उठली. म्हणाली, सचीवबाई, कुणी वळवला? मी म्हटले, वळवण्यात आला. ती म्हणाली, म्हंजी आपल्या पायानं गेला? मी म्हटले, अहवालाची भाषा असते. ती म्हणाली, मला भिंतीकडं तोंड करायला लावलंत, तुमाला कंची भिंत पायजे? बायका खूप हसल्या. मी भिंतीकडे पाहिले, पण ते घड्याळासाठी. माझी वाट न पाहता सगळ्यांनी एका सुरात ह्यांचे नाव घेतले.

विमलबाई सचिव झाली. तिला लिहिण्याचा सराव नाही, म्हणून सभेचा वृत्तांत तिने सांगायचा आणि मी लिहायचा, असे ठरले. माझ्या शिक्षणाची कदर आहे. तिने सांगितले तसे लिहीत गेले. टँकर मोसंबीत नेला. म्हशी तहानल्या. सचिव सुंदरबाईंनी हे झाकले. आम्ही त्यांना काढले. एक शब्द बदलायला वाव नव्हता.

पहिल्या वाक्यात ह्यांच्या नावापुरती जागा सोडली होती. सचिवाने थोडा सराव करावा म्हणून तेवढे विमलबाईला लिहायला सांगितले. तिचे अक्षर फार मोठे. जागा पुरली नाही. ह्यांचे नाव खाली उतरत उतरत माझ्या नावावर जाऊन बसले.