शब्दकोशाखालचा लॅपटॉप

भाषांतरकार साहेब,

बोलायचं नाही असं ठरलंय, म्हणून लिहितेय. लॅपटॉप दिसला नाही म्हणून घर डोक्यावर घेऊ नकोस. तो गॅलरीत, पत्र्याच्या डब्यात ठेवलाय. तो चार्जिंगला लावू नकोस, दाबू नकोस आणि "जरा बघतो" म्हणून उघडू तर मुळीच नकोस.

तुझा तो जाडजूड शब्दकोश मी रोज कपाटात ठेवत होते आणि तू रोज पुन्हा लॅपटॉपवर आणून ठेवत होतास. मला वाटलं, मुद्दाम माझं डोकं फिरवतोयस. आज ड्यूटीला निघताना तो उचलला, तर लॅपटॉपचं झाकण आपोआप वर आलं. आतली बॅटरी फुगून टम्म झालीये, टचपॅड वर आलंय, हात लावला तर चटका बसला. चार्जिंग अर्ध्यावरून एकदम शून्यावर यायला लागलं, तेव्हाच ती बदलायला हवी होती. फुगलेली बॅटरी वजन ठेवून बसत नाही, पेटते. आमच्या वॉर्डात असा भाजलेला पेशंट येऊन गेलाय.

दुरुस्तीवाला सकाळी येऊन घेऊन जाईल. तोवर माझ्या लॅपटॉपवर काम कर. पासवर्ड बदललेला नाही.

इतके दिवस तू सोफ्यावर झोपतोयस आणि हा फुगलेला लॅपटॉप रात्रभर तुझ्या उशाशी चार्जिंगला असतो. मगाशी ते लक्षात आलं आणि मी तो उचलून थेट गॅलरीत नेला.

आज आत झोप. माझा राग गेलेला नाही. सकाळी आल्यावर मला भांडायचंय, आणि त्यासाठी तू धडधाकट हवास.