रविवारची सव्वीस युनिटं

।। श्री ।।
दि. ३ जून

चि. थोरल्यास अ. उ. आ.

या आठवड्यात घरात काय काय आलं ते लिहिते. विजेचं बिल, पंधराशे अठ्ठ्याहत्तर. तू रविवारी आणलेली केळी, अर्धा डझन, तीस रुपये. त्यातली चार तुझ्याच लेकानं खाल्ली.

एरवी आपलं बिल चारशे सत्तर. सकाळची पूजा झाली की मी मीटरचा आकडा वहीत लिहिते, हे तुला ठाऊक आहे. देवापुढच्या दिव्यात तेलसुद्धा मी मोजून घालते. मे महिन्यात चार रविवार, दर रविवारी सव्वीस युनिटं जादा. शंभरावर गेलं की दर पाचाचा अकरा होतो, म्हणून हा फुगवटा. तुम्ही दहाला येता, गाडी प्लगला लावता, आणि सहाला मोबाइलवर शंभर टक्के दिसलं की सूनबाई चपला शोधू लागते. आठ तास पाहुणचार माणसांचा होतो की गाडीचा, मला कळेनासं झालंय. शेजारच्या मास्तरांना तू ऐटीत सांगितलंस, घरी चार्ज केली की गाडी जवळजवळ फुकटात पळते. खरं आहे. घर कुणाचं, एवढंच सांगायचं राहिलं.

फोनवर तू नुसतं हो हो म्हणतोस, म्हणून कागदावर घातलं. मायेत काही कमी नाही, हे जाणतोसच.

तुझी आई


दि. १० जून

ती. सौ. आईस शि. सा. न. वि. वि.

मीटर वाचायच्या नोकरीत तू आज साहेब असतीस! आमच्या पार्किंगमध्ये प्लग लावू देत नाहीत, आणि बाहेर युनिटमागे बावीस रुपये घेतात, म्हणून तुझ्याकडे लावत होतो. जादाचे अकराशे आठ सोबत पाठवलेत. तुझी वही शांत होवो.

पण आम्ही प्लगसाठी येतो, असं तू लिहावंस? गाडी निमित्त आहे गं, येतो ते तुम्हा दोघांसाठी. परवा रविवारीही निघालोच होतो, ऐनवेळी बाळाला सर्दी झाली. बाबांना सांग. राग सोड आणि पूर्वीसारखीच माया ठेव.

तुझा थोरला


।। श्री ।।
दि. १२ जून

चि. थोरल्यास अ. उ. आ.

पाकीट पोचलं. अकराशेच्या नोटा, आठांची नाणी, वर पाच रुपयांचं जास्तीचं तिकीट. उधळ्या तो उधळ्याच. पैसे जमा केले, मीटरचं भांडण मिटलं.

पण परवाच्या रविवारचा मेळ बसत नाही. नऊला तुझा फोन आला, वीज आहे का. मी म्हटलं, गल्लीत दुरुस्ती आहे, सहापर्यंत नाही. दहा मिनिटांत पुन्हा फोन, बाळाला सर्दी झाली. चार वाजता तोच बाळ बागेतल्या झोपाळ्यावरून आजोबांशी फोनवर खिदळत होता. पाच माणसांचा स्वयंपाक आम्ही दोघांनी दोन दिवस खाल्ला, ते सोड. तुझे बाबा मात्र स्कूटर रस्त्यावर काढून, तुझ्या गाडीला जागा करून, सर्दी उतरली की याल म्हणून सहापर्यंत फाटकाशी बसले होते. तुझी सर्दी मी त्यांना सांगितली. त्यांना ती खरी वाटली. मी तशीच राहू दिली.

येत्या रविवारी गल्लीत वीज आहे. आपल्या घरात नसेल. दहाच्या ठोक्याला मेन स्विच मी माझ्या हातानं खाली ओढणार आहे. स्वयंपाक गॅसवर होतो आणि गप्पांना युनिट पडत नाही. बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. ते स्कूटर काढणारच.

पाच पानं मांडू की दोन, ते उलटटपाली कळव. फोन नको, लिहून दे.

तुझी आई